स्वामी रामानंद तीर्थ आणि आपले तीन ध्वजदिन

वर्षातून तीन प्रसंगी आमच्या शाळेच्या पटांगणावर राष्ट्रध्वज चढतो. १५ ऑगस्ट व २६ जानेवारी हे दोन दिवस सर्व भारतवर्षाचे आहेत. तिसरा, १७ सप्टेंबर, हा आपल्या मराठवाड्याचा आहे. तिन्ही दिवशी कोणी वडीलधारे गृहस्थ उभे राहून चार शब्द बोलतात. देशाची प्रगती, राज्यकारभार, नागरिकांची कर्तव्ये हे विषय ठरलेले असतात. उन्हात ताटकळलेल्या बालगोपाळांचे लक्ष मात्र पुष्कळदा भाषणानंतर मिळणाऱ्या खाऊकडे लागलेले असते. आम्हीही त्या वयात असेच होतो, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु पुढे एका थोर पुरुषाचे चरित्र आमच्या वाचनात आले, आणि या तीन दिवसांकडे पाहण्याची आमची दृष्टीच पालटली. ध्वजाखाली उभे राहून लोकांशी बोलण्यासाठी काय मोल द्यावे लागते, हे त्या पुरुषाने स्वतःच्या देहाने दाखवून दिले होते. ते पुरुष म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ होत.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी कानडी मुलखात झाला व शालेय शिक्षण सोलापुरास झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. त्या दिवशी साऱ्या देशावर जी शोककळा पसरली, तिने या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याचे अंतःकरण हलविले, आणि आजन्म ब्रह्मचर्याने राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्याने केला. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेस ओ देऊन त्याने सरकारमान्य शाळा सोडली. पुढील शिक्षण अमळनेर येथे व पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. तेथे त्याने लोकशाहीचा विशेष अभ्यास केला. विद्याभ्यास संपल्यावर कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काही काळ काम करून श्रमिकांचे जिणे त्याने जवळून पाहिले. लोकशाहीचे ज्ञान ग्रंथांतून आणि गरिबीचे ज्ञान प्रत्यक्षातून, अशी ही दुहेरी शिदोरी घेऊन हा तरुण निजामाच्या राज्यात आला. आला तो पुढारी म्हणून नव्हे; एका खेड्यातील शाळामास्तर म्हणून आला.

ते खेडे म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा. तेथे १९२१ सालापासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. या शाळेत असतानाच व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यासी बहुधा संसार सोडून अरण्यात वा मठात जातो. या संन्याशाने मात्र मुलांच्या वर्गात व लोकांच्या गर्दीत राहणे पत्करले. १९३५ साली ते बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आले. त्या गावास त्या वेळी मोमिनाबाद असे नाव होते. तेथील योगेश्वरी विद्यालयास त्यांनी आपले कार्यक्षेत्र केले. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामातील अनेक कार्यकर्ते या शाळेच्या बाकांवरून उठून गेले.

आजच्या विद्यार्थ्यांस तेव्हाच्या परिस्थितीची कल्पना येणे कठीण आहे, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य वाटते. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल होते व लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६० लाखांवर होती. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी व तीन कानडी भाषेचे होते; परंतु राज्यकारभार उर्दूतून चाले. १९११ पासून गादीवर असलेले मीर उस्मान अली खान हे सर्वसत्ताधीश होते. प्रजेस जबाबदार असे मंत्रिमंडळ नव्हते. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी लागे, आणि सभा भरवावयाची तरी परवानगी लागे. सभाबंदीच्या या हुकुमास गश्ती निशाण ५३ असे म्हणत. भाषणास उभे राहण्यापूर्वी वक्त्याने सरकारचा दरवाजा ठोठवावा आणि सरकारने तो उघडू नये, हा नित्याचा क्रम होता. आज ज्या सहजतेने आपण पटांगणावर जमतो, ती सहजता त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

अशा काळात, १९३८ साली, हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. स्थापना होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली! तेव्हा ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी कारागृहात गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या या शहरी, तेव्हाच्या औरंगाबादेत, इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी संप केला आणि ही ठिणगी थेट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली. शेकडो मुलांना कॉलेज सोडावे लागले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या चळवळीमुळे नागपुरास गेलेल्यांपैकीच एक. ती मुले आपल्याहून फार मोठी नव्हती, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.

१९४० साली व १९४२ साली स्वामीजींस पुन्हा तुरुंगवास घडला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. १९४७ च्या जून महिन्यात तिचे अधिवेशन राजधानी हैदराबादेत भरले, आणि अध्यक्षपदावरून स्वामीजींनी जे भाषण केले ते संस्थानाच्या इतिहासात अविस्मरणीय ठरले. त्या आधी थोडेच दिवस निजामाने फर्मान काढून इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू असे जाहीर केले होते. त्यास प्रजेचे उत्तर काय, हा प्रश्न होता. स्वामीजींनी दोन गोष्टी निःसंदिग्धपणे मांडल्या. हैदराबादने भारतात विलीन व्हावे ही पहिली, आणि राज्यकारभार लोकांस जबाबदार असावा ही दुसरी. त्यांच्या मते या दोन गोष्टी अलग करता येत नव्हत्या. सत्ता कोणाची, एवढे ठरवून भागत नाही. ती सत्ता कोणास उत्तर देते हेही ठरावे लागते. आमच्या समजुतीप्रमाणे स्वामीजींच्या सर्व सार्वजनिक जीवनाचे हेच सूत्र होय.

आता त्या तीन दिवसांची कथा. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस स्टेट काँग्रेसच्या हाकेवरून संस्थानात सर्वत्र भारतात सामील व्हा दिन म्हणून पाळला गेला. पुढचा प्रसंग १५ ऑगस्टचा. दिल्लीत, मुंबईत, पुण्यात त्या दिवशी दिव्यांची आरास होती. हैदराबाद राज्यात मात्र तिरंगा उभारणे हा गुन्हा होता. स्वामीजींनी लोकांस तो उभारण्याचे आवाहन केले, आणि भारताच्या स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी ते कैदी झाले! देश मुक्त झाला त्या दिवशी ज्यांच्या हाती बेड्या पडल्या, अशांची संख्या संस्थानात थोडी नव्हती. आपले आजोबा-पणजोबा त्यांत असतील.

नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला व स्वामीजी सुटले. पण संस्थानातील परिस्थिती बिघडतच गेली. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार संघटनेने गावोगाव दहशत बसविली होती. अशा वेळी २६ जानेवारी १९४८ आला. त्या काळी हा दिवस प्रजासत्ताक दिन नव्हता. १९३० साली काँग्रेसने पूर्ण स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतल्यापासून तो स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जाई. त्या दिवशी स्वामीजींस पुन्हा अटक झाली. अवघ्या चार दिवसांनी महात्माजींची हत्या झाली. ज्यांच्या हाकेने शाळा सोडली, त्यांच्या निधनाची वार्ता या शिष्यास तुरुंगाच्या भिंतीआड सोसावी लागली.

बाहेर संग्राम चालूच होता. शिंदीची झाडे तोडणे, लेव्ही देण्यास नकार, सरहद्दीवरील शिबिरे अशा अनेक वाटांनी सामान्य जन लढत होते. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू आदी सहकारी धुरा वाहत होते. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली, आणि स्वामीजींपुढे तुरुंगाचे दार उघडले. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १७ सप्टेंबर! पहिल्या दोन दिवशी अटक आणि तिसऱ्या दिवसाने सुटका. ज्या तिथ्या आपल्या पंचांगात उत्सवाच्या म्हणून लिहिल्या आहेत, त्या या पुरुषाच्या चरित्रात अशा रीतीने लिहिल्या गेल्या.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. हा लढा एका राजवटीशी होता. कोणत्याही धर्माशी नव्हता. इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून करण्यात आला. रझाकारांच्या अत्याचारांनी अगणित कुटुंबे उद्ध्वस्त झाली, हे जितके सत्य, तितकेच हेही सत्य की पोलीस कारवाईच्या दिवसांत व त्यानंतर अनेक गावी निरपराध मुसलमान बांधवांवर सूड उगविला गेला. त्याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती आली होती. मुक्तीचा दिवस साजरा करताना हे दुःख विसरणे स्वामीजींच्या शिकवणुकीस धरून होणार नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर पुष्कळांस विश्रांतीची किंवा अधिकाराची इच्छा होते. स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. परंतु राज्यकारभाराची चिंता त्यांनी सोडली असे मात्र झाले नाही. जमीन कसणाराकडे जावी, हा त्यांचा आग्रह होता. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या व १९५० साली कुळकायदा आला. एवढ्याने ते संतुष्ट नव्हते, आणि पुढे भूदानाच्या कार्यातही ते सहभागी झाले. प्रजेस समजणाऱ्या भाषेत राज्य चालल्याखेरीज राज्य प्रजेचे होत नाही, म्हणून हैदराबाद संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे, असे त्यांचे ठाम मत होते. या प्रश्नावर त्यांच्या स्वतःच्या पक्षातील वजनदार मंडळींशी त्यांचा मतभेद झाला. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, ते राज्यच नकाशावरून पुसावे असे म्हणणारा पुढारी विरळा. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

१९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली आपल्या औरंगाबादहून लोकांनी त्यांस लोकसभेवर निवडून दिले. कानडी मुलखात जन्मलेल्या या संन्याशास मराठी मतदारांनी आपला मानला, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. ते आपले खासदार असतानाच, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते येथे मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. जेथे खाजगी शाळेस परवानगी मिळणे दुर्घट होते, त्या भूमीत विद्यापीठ उभे राहिले. अवघ्या दहा वर्षांत किती हे स्थित्यंतर!

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच बेगमपेठेत आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव दिलेले आहे, आणि आपल्या शहरातही त्यांच्या नावाने एक संशोधन संस्था आहे. सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी दर १७ सप्टेंबरास ध्वजवंदन होते. ज्यांनी अद्याप तो पाहिला नसेल, त्यांनी आईवडिलांसह एकदा अवश्य जावे.

विद्यार्थी मित्रहो, त्या दिवसांचे प्रत्यक्ष साक्षी असलेले वृद्ध आता फार थोडे उरले आहेत. तुमच्या घरी, शेजारी किंवा आजोळच्या गावी असे कोणी असतील, तर येत्या सुटीत त्यांच्यापाशी बसा आणि त्यांनी जे पाहिले ते वहीत उतरवून घ्या. पालकांनीही हे काम अभ्यासाइतकेच महत्त्वाचे समजावे, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि पुढच्या ध्वजदिनी पटांगणावर कोणी बोलू लागेल, तेव्हा खाऊची वाट पाहताना एवढे अवश्य आठवा, की एके काळी याच भूमीत त्या चार शब्दांसाठी एका शाळामास्तरास तुरुंगात जावे लागले होते.