गुर्लहोसूरचे अण्णासाहेब : आधी नाटक, मग महसुलाची कचेरी

मादन हिप्परगा : नाटक की नोकरी, हा सीमाभागातल्या कलावंत पोरांपुढचा जुनाच पेच. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ मध्ये जन्मलेले बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करही त्यातून सुटले नाहीत. शिकायला पुण्याला गेले नि नाटकमंडळ्यांत रमले. शिक्षण मागं पडलं. पुढे बेळगावात शिक्षकी केली, मग महसूल कमिशनरांच्या कचेरीत लागले. तिथं असतानाच ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांची किर्लोस्कर मंडळी मात्र पुढेही कित्येक वर्षं गाजत राहिली. नोकरी धरली म्हणून नाटक सुटतंच असं नाही, हे अण्णासाहेबांनी दाखवून दिलं.