परमुलखातील बाबासाहेब

परगावी शिकायला गेलेल्या मुलाला तिथले जेवण रुचेना, म्हणजे तुमचा जीव कासावीस होतो. बाबासाहेबांचे काय झाले, ऐका.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. वडील रामजीबाबांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड. त्यातच घरचाही विचार. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील अन्न मानवेना, म्हणून त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी मित्रासोबत ते राहिले. पण तिथल्या टेबलावर शेजारी बसणारा त्यांची जात विचारीत नव्हता.

१९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर आले. एवढ्या शिकलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळेना! पारशी खाणावळीत जात लपवून राहावे लागले. तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ग्रंथालय, रात्री भुकेला पापड. तरीही अभ्यास सुटला नाही.

परक्या अन्नाची सवय होते. अपमानाची त्यांनी होऊ दिली नाही. मुलांना निरोप देताना एवढे अवश्य सांगा.