पेटीवाले गोविंदराव

शेक्सपिअरच्या नाटकांतली तीन गाणी शूबर्टने १८२६ साली निवडली आणि गायकाचा गळा व पियानो एवढ्यांसाठीच त्यांना चाली दिल्या. रंगभूमीवरचे पद्य असे मैफलीत येऊन बसले. आपल्याकडे या वाटेवरचा माणूस शोधू गेलो, तर मला प्रथम आठवतात गोविंदराव टेंबे.

कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी ५ जून १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. भास्करबुवा बखल्यांना ते गुरुस्थानी मानत. वाद्य मात्र निवडले परदेशातून आलेले. पेटीच्या प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. तुटक सुरांतून सलग गाण्याचा भास उभा करायचा, तो बोटांनी आणि भात्याने. गोविंदरावांना ते साधले.

मग १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. खाडिलकर शेक्सपिअर पचवलेले नाटककार; सवाई माधवरावांच्या मृत्यूवरच्या त्यांच्या नाटकात हॅम्लेट आणि इयागो दोघेही भेटतात. तोवर बहुधा नाटककारच एखादी तयार चाल घेई आणि तिच्यात शब्द बसवी. इथे चालींचा भार एका स्वतंत्र संगीतकारावर पडला. गोविंदरावांनी पूरबेकडचा ठुमरी-कजरीचा ढंग मराठी पदांत आणला. सोवळ्या कानांना तो धक्काच असणार! पहिला प्रयोग १२ मार्चचा. त्याच दिवशी बालगंधर्वांची चिमुकली मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. त्या प्रसंगी त्या चाली गाणे म्हणजे काय असेल, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

पुढे १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, काही काळाने ती सोडून स्वतःची शिवराज मंडळी उभारली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्र तेच आणि संगीतकारही तेच.

आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली. तिचे सूर आपल्या रागांच्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा आक्षेप. तो खोटा नव्हता. पेटी वाजवणाऱ्या कुणालाही ही अडचण ठाऊक असते. पण ज्या वाद्याने घराघरांत गाणे नेले, त्याला दारातच अडवणे मला कधी पटले नाही. बँकेतून निवृत्त होऊन मी फुलसावंगीला राहतो. इथल्या भजनात पेटीवाचून पान हलत नाही, आणि तिचे मूळ कुठले हे कुणी विचारत नाही.

बंदी सैल झाली १९७१ साली. गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ रोजीच गेले होते.