वॉल्टर बेंजामिन

वॉल्टर बेंजामिन (जर्मन उच्चार: वाल्टर बेन्यामिन, १५ जुलै १८९२, बर्लिन – २६ सप्टेंबर १९४०, पोर्तबू, स्पेन) हे जर्मन ज्यू तत्त्वचिंतक, साहित्यसमीक्षक, निबंधकार व अनुवादक होते. भांडवलशाही समाजातील संस्कृती, महानगरातील जीवन आणि यंत्रयुगात बदललेले कलेचे स्वरूप यांविषयीच्या लेखनासाठी ते ओळखले जातात. फ्रँकफुर्ट संप्रदायाच्या चिकित्सक सिद्धांताशी त्यांचे नाव जोडले जाते. मात्र मार्क्सवाद, ज्यू धर्मपरंपरा आणि जर्मन स्वच्छंदतावाद या तिन्ही प्रवाहांतून त्यांनी घेतले आणि कोणत्याही एकाचे ते पूर्णतः झाले नाहीत.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

बेंजामिन यांचा जन्म बर्लिनमधील एका संपन्न, जर्मन संस्कृतीत मिसळून गेलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील एमिल हे कलावस्तू व प्राचीन वस्तूंच्या व्यापारात होते. मोठ्या वाड्यांतील सामानसुमान, आरसे, पडदे, खेळणी आणि त्यांच्याभोवतीची सुरक्षिततेची भावना या बालपणीच्या अनुभवांकडे ते पुढे समीक्षकाच्या दृष्टीने वळले. बर्लिनमधील बालपणावरील त्यांचे गद्यलेखन म्हणजे आत्मचरित्र कमी आणि एका वर्गाच्या घरगुती विश्वाची तपासणी अधिक आहे.

शालेय वयात त्यांच्यावर शिक्षणसुधारक गुस्टाफ वीनेकन यांचा प्रभाव पडला आणि फ्रायबुर्ग व बर्लिन येथे विद्यार्थी असताना ते युवक चळवळीत सक्रिय झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांचे कविमित्र फ्रिट्झ हाइन्ले यांनी आत्महत्या केली. वीनेकन यांनी युद्धाचे समर्थन केल्यावर बेंजामिन यांनी १९१५ मध्ये त्यांच्याशी संबंध तोडले. त्याच वर्षी त्यांची भेट गेर्शोम शोलेम यांच्याशी झाली. ज्यू गूढवादाचे पुढे थोर अभ्यासक ठरलेल्या शोलेम यांच्याशी त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१९१७ मध्ये त्यांचा डोरा पोलाक यांच्याशी विवाह झाला. त्यांना श्टेफान हा एक मुलगा झाला. १९१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाने जर्मन स्वच्छंदतावादातील कलासमीक्षेच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट दिली. प्राध्यापकपदासाठी आवश्यक असलेला दुसरा प्रबंध जर्मन शोकनाट्यावर होता. तो त्यांनी फ्रँकफुर्ट विद्यापीठात सादर केला. पण परीक्षकांना तो दुर्बोध वाटला आणि औपचारिक नकार टाळण्यासाठी १९२५ मध्ये बेंजामिन यांना तो मागे घ्यावा लागला. विद्यापीठाचे दार असे बंद झाल्याने पुढील सर्व आयुष्य त्यांना लेखणीवर काढावे लागले. त्यांच्या लेखनाचा तुकड्यातुकड्यांचा घाट पुष्कळदा केवळ शैलीचा प्रश्न म्हणून पाहिला जातो. वृत्तपत्रांतील परीक्षणे, अनुवाद आणि नभोवाणीवरील भाषणे यांवर गुजराण करणाऱ्या लेखकाची ती गरजही होती, हे विसरता येत नाही.

मार्क्सवादाकडे

१९२४ मध्ये काप्री बेटावर त्यांची लाटव्हियाच्या नाट्यदिग्दर्शिका आस्या लात्सिस यांच्याशी ओळख झाली. लात्सिस यांचा सहवास आणि गेओर्ग लुकाच यांच्या ग्रंथाचे वाचन यांमुळे ते मार्क्सवादाकडे वळले. १९२६-२७ चा हिवाळा त्यांनी मॉस्कोमध्ये घालवला. कम्युनिस्ट पक्षात प्रवेश करावा का, याचा त्यांनी गांभीर्याने विचार केला, पण ते पक्षाचे सभासद झाले नाहीत. दुसरीकडे शोलेम त्यांना जेरुसलेमला बोलावत होते. त्यासाठी हिब्रू शिकण्याकरिता मिळालेले अर्थसाहाय्यही बेंजामिन यांनी स्वीकारले. मात्र शिकवणी थोड्याच काळात सुटली आणि पॅलेस्टाईनचा प्रवास कधीच झाला नाही. आपण जर्मन लेखक, ज्यू की क्रांतिकारक, या प्रश्नाचे एकच उत्तर देण्याचे त्यांनी आयुष्यभर टाळले. युरोपात त्या काळी ही टाळाटाळ फार महाग पडणारी होती.

१९२८ मध्ये शोकनाट्यावरील प्रबंध आणि ‘एकेरी रस्ता’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक, अशी त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. दुसऱ्या पुस्तकात पेट्रोल पंप, जाहिराती, दुकानांच्या पाट्या अशा शीर्षकांखाली त्यांनी शहराचे चिंतन केले आहे. नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्ट यांच्याशी त्यांची मैत्री याच सुमारास जुळली. शोलेम आणि थेओडोर अडोर्नो या दोघांनाही ती फारशी रुचली नाही.

निर्वासित जीवन आणि प्रमुख लेखन

नाझी सत्तेवर आल्यानंतर मार्च १९३३ मध्ये बेंजामिन यांनी जर्मनी सोडली. त्यानंतर पॅरिसमध्ये स्वस्त खोल्या बदलत त्यांनी दिवस काढले. फ्रँकफुर्टहून जिनिव्हा व पुढे न्यूयॉर्क येथे गेलेल्या सामाजिक संशोधन संस्थेचे मानधन हाच त्यांचा मुख्य आधार होता.

यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९३६ मध्ये प्रथम फ्रेंच अनुवादात प्रकाशित झाला. मूळ कलाकृती एका विशिष्ट स्थळी व काळी असते आणि त्यातून तिला एक अनन्य तेजोवलय लाभते. छायाचित्र आणि चित्रपट यांत ‘मूळ प्रत’ ही कल्पनाच निरर्थक होते, असे त्यांनी मांडले. हे वलय नष्ट होण्याचा बेंजामिन केवळ शोक करत नाहीत. कला पूजाविधीच्या बंधनातून सुटून जनसमूहाच्या हाती येईल, अशी आशाही त्यांना वाटत होती. मात्र फॅसिझम जनतेला हक्क न देता केवळ अभिव्यक्तीचा देखावा देतो आणि राजकारणालाच सौंदर्याचे रूप देऊन युद्धाकडे नेतो, असा इशारा त्यांनी दिला.

१९२७ पासून ते पॅरिसमधील काचेच्या छतांच्या बाजारपेठांवर (‘पासाज’) एका विशाल ग्रंथाची तयारी करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंड व काच वापरून बांधलेल्या या गल्ल्या त्यांना उपभोगाच्या संस्कृतीचे पहिले मंदिर वाटत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी फॅशन, दिवाबत्ती, जुगार, धूळ, निरुद्देश भटकणारा नागरिक अशा विषयांवर हजारो उतारे टिपले. वस्तू माणसाला भुरळ कशी घालते, हे सिद्धांत सांगून नव्हे तर उतारे शेजारी शेजारी ठेवून दाखवावे, असा त्यांचा बेत होता. याच सामग्रीतून लिहिलेला बोदलेअरवरील निबंध १९३८ मध्ये अडोर्नो यांनी परत पाठवला. कवितेतील दारूचा दारूवरील कराशी थेट संबंध जोडताना समग्र समाजप्रक्रियेचे मध्यस्थ दुवे वगळले गेले आहेत, हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या वजनदार होता. पण तो घेणारी संस्था लेखकाच्या उदरनिर्वाहाचीही धनी होती. बेंजामिन यांनी निबंध नव्याने लिहिला.

मृत्यू

१९३९ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व रद्द करण्यात आले. युद्ध सुरू होताच फ्रान्सने त्यांना ‘शत्रुराष्ट्रीय’ म्हणून नेव्हेरजवळच्या छावणीत ठेवले. सुटका झाल्यावर १९४० च्या पूर्वार्धात त्यांनी इतिहासाच्या संकल्पनेवरील प्रमेये लिहिली. पाउल क्ले यांच्या देवदूताचे एक चित्र त्यांनी १९२१ मध्ये विकत घेतले होते. प्रगतीच्या वादळाने मागे ढकलला जाणारा आणि डोळ्यांसमोर अवशेषांचा ढीग वाढताना पाहणारा इतिहासाचा देवदूत या लेखनात त्याच चित्रावरून आला आहे.

जर्मन सैन्य पॅरिसजवळ येताच ते दक्षिणेकडे निघाले. मार्सेय येथे त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला, पण फ्रान्स सोडण्याचा परवाना नव्हता. हृदयविकार असूनही सप्टेंबर १९४० मध्ये त्यांनी लिझा फिटको यांच्या मार्गदर्शनाखाली पिरेनीज पर्वत पायी ओलांडला. दहा मिनिटे चालायचे आणि एक मिनिट थांबायचे, असा क्रम त्यांनी काटेकोरपणे पाळला. पोर्तबू येथे स्पॅनिश पोलिसांनी त्यांच्या गटाला फ्रान्समध्ये परत पाठवण्याचे सांगितले. त्या मुक्कामात हॉटेलमध्ये त्यांनी मॉर्फीन घेतल्याचे मानले जाते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र मेंदूतील रक्तस्राव असे कारण आहे. त्यांच्या सोबत्यांना पुढे जाऊ देण्यात आले. नाव-आडनाव उलटे नोंदले गेल्याने त्यांचे दफन कॅथलिक दफनभूमीत झाले. काही महिन्यांनी तेथे गेलेल्या हाना आरेंट यांना त्यांची कबर सापडली नाही. पर्वत ओलांडताना त्यांनी जवळ बाळगलेल्या काळ्या बॅगेतील हस्तलिखिताचाही माग लागलेला नाही.

मरणोत्तर प्रभाव

आरेंट यांनी प्रमेयांची प्रत न्यूयॉर्कला पोहोचवली. बाजारपेठांवरील टिपणे ग्रंथपाल व लेखक जॉर्ज बाताय यांनी राष्ट्रीय ग्रंथालयात लपवून वाचवली. ती १९८२ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याआधी अडोर्नो दांपत्याने १९५५ मध्ये दोन खंडांत निवडक लेखन प्रकाशित केले होते आणि आरेंट यांनी संपादित केलेल्या १९६८ च्या संग्रहामुळे ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये चित्रे पाहण्याच्या सवयींवर बीबीसीसाठी केलेल्या मालिकेवर यांत्रिक पुनरुत्पादनावरील निबंधाचा प्रभाव होता. पोर्तबूच्या दफनभूमीशेजारी, समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या रूपातील दानी कारावान यांचे स्मारक १९९४ मध्ये उभारण्यात आले.