विश्लेषण : नगरच्या किल्ल्यातील पुस्तक रंगमंचावर आणणारे शांती बर्धन कोण होते?

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात जवाहरलाल नेहरूंनी लिहिलेले ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ म्हटले की, अनेकांना श्याम बेनेगल यांची १९८८ मधील ‘भारत एक खोज’ ही मालिका आठवते. पण त्याच्या चार दशके आधी, १९४७ मध्ये, हे पुस्तक बॅलेच्या रूपात रंगमंचावर आले होते. तो बॅले बसवणारे नर्तक शांती बर्धन आज फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

पुस्तक किल्ल्यात कसे लिहिले गेले?

‘छोडो भारत’च्या ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस नेत्यांना मुंबईत अटक झाली आणि त्यांना रेल्वेने नगरला आणले गेले. सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यासह नेहरू किल्ल्यात स्थानबद्ध होते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी पुस्तक लिहिले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या काळात बर्धन काय करत होते?

बर्धन यांचा जन्म १९१६ मध्ये आजच्या बांगलादेशातील कोमिल्ला येथे झाला. मणिपुरी आणि त्रिपुरातील नृत्ये ते शिकले. पुढे उदय शंकर यांच्या अल्मोड्यातील कला केंद्रात दाखल झाले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने (भारतीय जननाट्य संघ) दुष्काळग्रस्तांसाठी कार्यक्रम सुरू केले. ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकाची नृत्याची बाजू बर्धन यांच्याकडे आली. हे पथक अंधेरीत एकत्र राहत असे. त्यात नृत्याचे शिक्षण नसलेले तरुणही होते. त्यांच्याकडून बर्धन यांनी ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे बॅले बसवून घेतले.

इथे ‘बॅले’चा अर्थ काय?

युरोपीय बॅले म्हणजे चवड्यांवरचे नृत्य. आपल्याकडे उदय शंकर यांच्या परंपरेत हा शब्द समूहाने सादर करायच्या नृत्यनाट्यासाठी रूढ झाला. त्यात शास्त्रीय, लोक आणि नव्याने रचलेल्या हालचाली एकत्र येतात. एका कलावंताच्या कौशल्यापेक्षा समूहाने उभे केलेले चित्र महत्त्वाचे. बर्धन यांनी त्यात दुष्काळ, गुलामी आणि एकजूट हे विषय आणले.

पुस्तकाचा बॅले कसा झाला?

मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटरने ही निर्मिती केली. संगीत होते तेव्हा विशीत असलेल्या रविशंकर यांचे. मार्च-एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली, त्या निमित्ताने तो सादर झाला. काम अवघड होते. पुस्तकाला ना नायक, ना कथानक. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतचा विस्तार, तोही इंग्रजीत. नृत्यामुळे मात्र इंग्रजी न येणाऱ्यालाही तो विषय समोर पाहता येणार होता. तुरुंगात लिहिलेला देशाचा इतिहास स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असा रंगमंचावर आला.

आजाराने काय हिरावले?

यानंतर क्षयाने बर्धन यांना गाठले. त्यावरची प्रभावी औषधे तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. नर्तकाचा सारा भार श्वासावर आणि या रोगाने नेमके फुप्फुसच पोखरले. तरीही १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ सुरू केला. त्यांचे गाजलेले ‘रामायण’ याच काळातले. त्यात माणसेच कळसूत्री बाहुल्या होतात. मुखवटे घातलेले नर्तक दोरीने ओढल्यासारखे, तुटक हालचालींनी चालतात आणि राम-रावणाची परिचित कथा नवी वाटू लागते. पण ते पुढे कुठवर जाते, हे पाहायला बर्धन राहिले नाहीत. १९५४ मध्ये, चाळिशीही न गाठता, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे काय उरले?

बॅले कागदावर उतरत नाही. तो एका नर्तकाकडून दुसऱ्याकडे जातो. बसवणारा गेला की अनेकदा कलाकृतीही जाते. ‘रामायण’ टिकले, कारण पत्नी गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी पथक मोडू दिले नाही. बर्धन यांनी योजलेले ‘पंचतंत्र’ त्यांच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आले. पथक पुढे ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला स्थिरावले. गुल यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अंधेरीच्या पथकातील सचिन शंकर यांनी मुंबईत, तर नरेंद्र शर्मा यांनी दिल्लीत स्वतंत्र संस्था उभारल्या.

नगरच्या किल्ल्यातील नेहरूंची खोली जपली गेली आहे. पुस्तकही सहज मिळते. त्यावरचा बॅले मात्र ‘रामायणा’सारखा पिढ्यान्‌पिढ्या नाचला गेला नाही. म्हणूनच आज समकालीन नृत्याच्या महोत्सवांची चर्चा होते, तेव्हा नगरच्या वाचकाने बर्धन हे नाव लक्षात ठेवायला हवे.