ब्रॅम स्टोकर : कारकुनाची पिशाचकथा

ब्रॅम स्टोकरचे नाव वाङ्मयेतिहासात बहुधा भयकथेच्या प्रकरणात येते. परंतु त्याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी मुळात एका तपासाची कथा आहे, आणि त्या तपासाची रीत लेखकाच्या उपजीविकेतून आलेली आहे.

८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिननजीक क्लॉन्टार्फ येथे त्याचा जन्म झाला. सुमारे सातव्या वर्षापर्यंत तो अंथरुणाला खिळून होता. त्याची आई स्लायगोची. १८३२ मध्ये तेथे आलेल्या पटकीच्या साथीच्या हकिकती ती त्याला सांगे, आणि त्यांत धुगधुगी असलेली माणसे पुरल्याच्याही गोष्टी असत. त्याचे शिक्षण ट्रिनिटी कॉलेजात झाले. तो वडिलांप्रमाणेच डब्लिन कॅसलमधील सरकारी नोकरीत शिरला व पुढे कनिष्ठ फौजदारी न्यायालयांचा निरीक्षक झाला. त्याचे पहिले पुस्तक (१८७९) म्हणजे त्या न्यायालयांतील कारकुनांच्या कर्तव्यांविषयीची मार्गदर्शिका होय.

नोकरी सांभाळून तो विनावेतन नाट्यपरीक्षणे लिही. त्यांतून नटश्रेष्ठ हेन्री अर्व्हिंगशी स्नेह जडला, आणि १८७८ च्या अखेरीस तो अर्व्हिंगच्या लंडनमधील लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला. सत्तावीस वर्षे त्याने दुसऱ्याच्या कीर्तीचा पत्रव्यवहार, हिशेब आणि दौरे सांभाळले. लेखनाला उरत त्या सुट्या.

रिचर्ड बर्टनशी त्याची गाठ पडली होती, आणि बर्टनने ‘बैताल पचीसी’तील कथांचे इंग्रजी रूपांतर १८७० साली प्रसिद्ध केले होते. त्यावरून भारतीय प्रभाव सिद्ध करण्याचा मोह आपल्यासारख्या तौलनिक अभ्यासकांना होतो. तो आवरलेला बरा. आपला वेताळ प्रेतात राहून कोडी घालतो, रक्त पीत नाही.

‘ड्रॅक्युला’ची टिपणे १८९० पासून सुरू होतात. त्याच उन्हाळ्यात व्हिटबीच्या वाचनालयात, वालेकिया व मोल्डेव्हियाविषयीच्या एका ग्रंथात, त्याला नायकाचे नाव सापडले. ट्रान्सिल्व्हेनिया त्याने कधीच पाहिला नाही. आरंभीच्या पात्रयादीत कॉटफर्ड नावाचा एक गुप्तहेर आहे. छापील कादंबरीत तो नाही. मला हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुप्तहेर गेल्यावर तपास वकील, डॉक्टर आणि टंकलेखन जाणणारी मीना यांच्या अंगावर पडतो. रोजनिश्या, तारा, कात्रणे यांच्या प्रती काढून मीना ती तारीखवार लावते. मातीच्या पन्नास पेट्या कोठे गेल्या याचा माग मालवाहतुकीच्या पावत्यांवरून आणि हमालांच्या जबान्यांवरून लागतो. क्रूस व लसूण आहेतच. पण पिशाचाचे ठिकाण दफ्तरातून सापडते.

कादंबरी मे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. नाट्यहक्क राखण्यासाठी त्याच महिन्यात लायसियममध्ये तिचे एक घाईचे वाचन करण्यात आले. पुस्तकाने त्याला संपन्नता दिली नाही. १९०५ मध्ये अर्व्हिंग वारला. पुढच्याच वर्षी स्टोकरने त्याच्या आठवणींचे दोन खंड प्रसिद्ध केले. २० एप्रिल १९१२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांत भर होता तो अर्व्हिंगच्या सेवेवर.

पत्नी फ्लॉरेन्सने मात्र पुस्तकाचा हक्क सोडला नाही. अनुमतीवाचून निघालेल्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या जर्मन चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश तिने न्यायालयाकडून मिळविला. कॉटफर्डचे नाव असलेली टिपणे तिने १९१३ मध्येच लिलावात विकली होती. त्यांना दोन पौंडांहून थोडी अधिक किंमत आली. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत.