मौनातून सेवेकडे : मार्जोरी साइक्स

आपण कधी चेन्नईस गेलात तर सेंट थॉमस माउंटला जाल, सान थोमेचे मंदिर पाहाल आणि वेळ उरलाच तर कोवलमच्या समुद्रकिनारीही फेरफटका मारून याल. त्याच शहराच्या वेपेरी भागात बेंटिंक नावाची मुलींची एक जुनी मिशनशाळा आहे. १९२८ साली तेथे तेवीस वर्षांची एक इंग्रज तरुणी शिक्षिका म्हणून रुजू झाली. तिची पुढील वाट मद्रासहून शांतिनिकेतनास, तेथून आपल्या वर्ध्याजवळील सेवाग्रामास आणि अखेर नागभूमीच्या डोंगरांपर्यंत गेली. तिचे नाव मार्जोरी साइक्स.

मार्जोरीबाईंचा जन्म ११ मे १९०५ रोजी यॉर्कशरमधील कोळशाच्या खाणींच्या परिसरात झाला. वडील शाळामास्तर होते. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्यांनी इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला. मद्रासला आल्यावर त्या आस्थेने तमिळ शिकल्या आणि पुढे त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. परंतु त्या काळी इंग्रज माणसाला इंग्रज वस्तीच्या उंबरठ्याआड सुखाने राहता येत असे. हा उंबरठा त्यांनी ओलांडला. साधी राहणी पत्करली आणि स्वातंत्र्यलढ्यातील माणसांशी स्नेह जोडला. याच वर्षांत त्या क्वेकर, म्हणजेच फ्रेंड्स मंडळीत सामील झाल्या.

क्वेकर लोकांची ओळख आपल्यापैकी अनेकांना नसेल. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून ही मंडळी उभी राहिली. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात देवाचा प्रकाश असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या पारंपरिक उपासनेत पाळक नसतो आणि ठरलेला विधीही नसतो. सर्वजण शांत बसतात आणि ज्याला आत्म्याची प्रेरणा होईल तो उठून थोडके बोलतो. मंडळीच्या कामकाजातही मते मोजली जात नाहीत. सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबून राहायचे, पुन्हा एकमेकांचे ऐकायचे, अशी त्यांची रीत आहे. हे वाचायला सोपे वाटते. पण आपल्या पंचायतीच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते किती अवघड आहे हे सांगायला नको!

या श्रद्धेतून न्यायाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रत्येकात देवाचा प्रकाश असेल, तर कोणाला अस्पृश्य कसे म्हणावे? कोणाला गुलाम कसे करावे? कोणावर शस्त्र कसे उगारावे? मार्जोरीबाईंचे सारे जीवन या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गेले. शांतिनिकेतनात त्या बंगाली शिकल्या आणि रवींद्रनाथांच्या नाटकांची त्यांनी इंग्रजी भाषांतरे केली. त्यांत अस्पृश्य मुलीच्या मनाची व्यथा मांडणारे ‘चंडालिका’ही होते. दीनबंधू अँड्र्यूज यांचे चरित्र त्यांनी बनारसीदास चतुर्वेदींसह लिहिले. ते १९४९ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी त्या सेवाग्रामला आल्या. गांधीजींची हत्या होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य नई तालीमचे काम पाहत होते. तेथे शिक्षक तयार करण्याची जबाबदारी बाईंनी घेतली. सूतकताई, शेती, स्वयंपाक आणि सफाई यांतूनच ज्ञान द्यायचे, ही त्या शिक्षणाची पद्धत. झाडू धरणारा हात आणि लेखणी धरणारा हात एकच असेल, तर उच्चनीच भाव कोठे टिकणार? स्वातंत्र्यानंतर बाईंनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९५९ पर्यंत त्या सेवाग्रामात राबल्या. देशाने मात्र पुस्तकी शिक्षणाचाच रस्ता धरला, आणि नई तालीम मागे पडत गेली.

याहून कठीण काम पुढे होते. ६ सप्टेंबर १९६४ रोजी नागभूमीत भारत सरकार आणि भूमिगत नागा यांच्यात युद्धबंदी झाली. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी नेमलेल्या निरीक्षकांत साठीच्या उंबरठ्यावरील मार्जोरीबाई होत्या. डोंगरातील गावे गाठायची, तक्रार ऐकायची आणि मग दुसऱ्या बाजूचेही ऐकायचे. दोन्ही बाजूंनी घायाळ झालेली माणसे. अशांच्या जखमा भरून येण्याची सुरुवात कोणीतरी त्यांचे शेवटपर्यंत ऐकून घेण्यातून होते. तीन वर्षे त्यांनी हे केले. कायमचा तह तेव्हा झाला नाही. पण बंदुका शांत राहिल्या त्या काळात गावकऱ्यांना शेतात जाता आले, मुले शाळेत बसली. हे फळ थोडे म्हणावे काय?

उतारवयात त्यांनी होशंगाबादजवळील रसुलिया येथील क्वेकर ग्रामकेंद्रात वास्तव्य केले. भारतातील क्वेकरांचा इतिहास त्यांनी १९८० साली आणि नई तालीमची कथा १९८८ साली प्रसिद्ध केली. ऑगस्ट १९९५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांनी प्रभूत विश्रांती घेतली.

वाचकहो, हिशेब मांडला तर बाईंच्या पदरी यश थोडे आणि अपुरी कामेच जास्त दिसतील. तथापि पेरणाऱ्याने बी टाकावे, वाढविणारा देव आहे, हे आपण जाणतोच. आपल्या मंडळीत जुने वैर आहे, शेजारच्या वस्तीशी बोलणे तुटले आहे, घरात भावाभावांत अबोला आहे. तेथे आपण प्रार्थना करतोच. त्या प्रार्थनेनंतर आपण उठून त्या माणसाकडे जातो का? आणि गेल्यावर स्वतःची बाजू न मांडता त्याचे ऐकतो का? मार्जोरीबाई आपल्यासमोर हाच प्रश्न ठेवून गेल्या आहेत. प्रभू आपणांस त्याचे उत्तर कृतीने देण्याची कृपा देवो.